व्हॉल्व्ह, वॅट आणि भिंत : मुंबईच्या उपनगरी घरातील अल्पशक्ती गिटार-अॅम्प्लिफायरचा इतिहास

गोषवारा

विद्युत गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचा इतिहास सामान्यतः रंगमंच आणि मोठे जलसे यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो घराच्या बाजूने पाहिला आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील दाटीच्या वस्तीत १ ते ५ वॅटचा अॅम्प्लिफायर रियाझासाठी व घरगुती ध्वनिमुद्रणासाठी का योग्य ठरतो, त्याची तांत्रिक पूर्वपीठिका कोणती आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा येथे विचार केला आहे. वॅट कमी झाल्याने शेजाऱ्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : व्हॉल्व्ह, अॅम्प्लिफायर, विद्युत गिटार, उपनगर, ध्वनिप्रदूषण, घरगुती ध्वनिमुद्रण.

प्रस्तावना

सतार किंवा वीणा यांना भोपळ्याचे पोकळ अंग असते आणि तारेचा नाद त्या पोकळीत घुमून बाहेर पडतो. भरीव लाकडाच्या विद्युत गिटारला असे अंग नाही. तिच्या तारांचे कंपन चुंबकीय पिकअप टिपतो आणि त्यातून निर्माण होणारा क्षीण विद्युतप्रवाह अॅम्प्लिफायर वाढवतो. त्यानंतर स्पीकरमधून नाद ऐकू येतो. म्हणजेच अॅम्प्लिफायर हा या वाद्याचा उत्तरार्धच होय. त्याला जोडसाधन मानणे म्हणजे वाद्याचे अर्धे अंग विसरणे होय.

या उत्तरार्धाला जागा लागते, वीज लागते आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याची सहनशीलता लागते. मुंबईच्या उपनगरांत या तिन्ही गोष्टी इतिहासाने ठरवून दिलेल्या आहेत. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये निर्माण झाला. उपनगरांना वीज पुरवण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. अंधेरी १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यापुढील काळात वाड्या, गावठाणे व बंगल्यांच्या या प्रदेशात चाळी, वसाहती आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या. घरे वाढली तशा सामाईक भिंतीही वाढल्या. विद्युत गिटारचा घरगुती इतिहास या भिंतींपासून वेगळा काढता येत नाही.

लेखाची उद्दिष्टे

१. घरातील अल्पशक्ती व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरची तांत्रिक पूर्वपीठिका शोधणे.
२. मोठ्या आवाजाकडून लहान आवाजाकडे झालेल्या वाटचालीची कारणे तपासणे.
३. उपनगरी घर, ध्वनिविषयक कायदा व संगीताचा सराव यांच्यातील संबंध स्पष्ट करणे.

१. घरातील पहिला व्हॉल्व्ह : रेडिओ

जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. ली द फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात तिसरे अग्र घातले आणि त्यातूनच पुढे विद्युतसंदेश वाढवण्याचे साधन हाती आले. निर्वात काचेच्या नळीत तापलेल्या तंतूकडून इलेक्ट्रॉन निघतात आणि मधली जाळी त्यांच्या प्रवाहावर ताबा ठेवते, हे या साधनाचे सार. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले आणि त्यानंतर हळूहळू व्हॉल्व्ह मध्यमवर्गीय घरात शिरला.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र हे रेडिओ-उत्पादनाचे एक महत्त्वाचे क्षेत्र झाले. टाटा समूहाच्या नॅशनल एको या कंपनीची स्थापना १९४० मधील. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, तर फिलिप्सने १९५९ मध्ये पुण्याजवळ लोणी काळभोर येथे रेडिओचा कारखाना काढला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवण्यास आरंभ केला. एकेकाळी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या खणात हे व्हॉल्व्ह असत आणि लॅमिंग्टन रोडच्या बाजारात ते सुटेही मिळत.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. रेडिओचा शेवटचा टप्पा आणि लहान गिटार-अॅम्प्लिफायर यांची रचना जवळजवळ एकच आहे. अमेरिकेत फेंडर कंपनीचा 'चॅम्प' हा विद्यार्थ्यांसाठी काढलेला अॅम्प्लिफायर १९५० च्या दशकात घडला. त्यात प्राथमिक वर्धनासाठी एक १२एएक्स७, शेवटी एकच ६व्ही६ आणि वीज एकदिश करणारा एक व्हॉल्व्ह, एवढाच संसार होता. त्याची शक्ती सुमारे ५ वॅट होती. ६व्ही६ हा मुळात रेडिओतला व्हॉल्व्ह. युरोपात त्याच्या जागी ईएल८४ होता. तो फिलिप्सच्या रेडिओत जसा होता, तसाच ब्रिटनच्या व्हॉक्स कंपनीच्या गिटार-अॅम्प्लिफायरमध्येही होता. भारत इलेक्ट्रॉनिक्सही ईएल८४ आणि १२एएक्स७ शी समकक्ष असलेला ईसीसी८३ बनवत असे. तात्पर्य, ३ ते ५ वॅटचे व्हॉल्व्ह वर्धन हे घराचेच माप होते. दिवाणखान्यात बातम्या आणि नाट्यगीते ऐकण्यास ते पुरेसे होते.

अनेक व्हॉल्व्ह रेडिओंच्या पाठीमागे ग्रामोफोनचा पिकअप जोडण्यासाठी खाच असे. तिच्यात गिटारची वायरही लावता येई. अॅम्प्लिफायर विकत घेण्याची ऐपत नसलेल्या तरुणासाठी घरचा रेडिओ हा असा तयार अॅम्प्लिफायर ठरे. मात्र त्यात धोकाही होता. ज्या रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसून धातूचा सांगाडा थेट घरगुती विजेशी जोडलेला असे, त्यांना गिटार जोडणे म्हणजे धातूच्या तारांमधून आपल्या हातात वीज घेण्यासारखे होते.

२. घराबाहेरचा आवाज : स्टुडिओ, सभागृह, मैदान

१९६० च्या दशकात विद्युत गिटार मुंबईच्या चित्रपटसंगीतात स्थिरावली. 'तीसरी मंझिल' (१९६६) या चित्रपटातील राहुल देव बर्मन यांच्या संगीताने तिला तरुणांच्या मनात स्थान दिले. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधील 'दम मारो दम' या गाण्यात भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली गिटार आजही ओळखली जाते. चित्रपटसंगीतातील वादकांच्या जीवनाचा ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात विस्ताराने अभ्यास केला आहे. त्या काळी गायक व वादक बहुधा एकाच वेळी वाजवीत आणि ध्वनिमुद्रण होई. अशा पद्धतीत गिटारचा आवाज व्हायोलिनसमोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरून चालत नसे. त्यामुळे स्टुडिओत अॅम्प्लिफायरचा आवाज आवरलेलाच ठेवावा लागे.

सभागृहाची गरज मात्र याच्या उलट होती. ब्रिटनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये आपला अॅम्प्लिफायर काढला आणि १९६५ च्या सुमारास 'द हू' या वाद्यवृंदासाठी १०० वॅटपर्यंत मजल मारली. हजारोंच्या गर्दीवर मात करणे, हा त्यामागील हेतू. भारतात आयातीवर निर्बंध असल्याने परदेशी अॅम्प्लिफायर दुर्मीळ होते. स्थानिक कारागिरांनी जुळवलेली यंत्रे आणि सभासमारंभांसाठी बनलेले देशी ध्वनिवर्धक यांवरच बहुतेकांची भिस्त होती. 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिकांवर त्या काळच्या भारतीय रॉक वाद्यवृंदांचा आवाज जतन झालेला आहे.

१९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद उभा राहिला. महेश तिनईकर हे त्याचे गिटारवादक. १९८८ मध्ये त्यांची 'रॉक अँड रोल रेनेगेड' ही ध्वनिफीत आली आणि १९९३ मध्ये वाद्यवृंदाने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक जलसा भरू लागला. परिसरातील रुग्णालये व महाविद्यालये यांमुळे रंगभवन शांतता क्षेत्रात मोडले आणि ते खुले नाट्यगृह पुढे अशा कार्यक्रमांना मुकले. त्यानंतर या जलशाने उपनगराचा आश्रय घेतला आणि तो अंधेरी पश्चिमेच्या चित्रकूट मैदानावर भरला. त्यापूर्वी, १ नोव्हेंबर १९९६ रोजी, अंधेरीच्याच क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला होता. अशा रीतीने शहराचा मोठा आवाज उपनगराकडे सरकला. मात्र तो ऐकून घरी परतणाऱ्या तरुणाला स्वतःची गिटार वाजवायला मिळत होती ती एका खोलीत, आणि त्या खोलीत आजोबा निजलेले असत.

३. लहान अॅम्प्लिफायरचे पुनरागमन

अमेरिकेत १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्यानंतर दोन-तीन दशकांत व्हॉल्व्ह घरातून हद्दपार झाला. १९७३ मध्ये अंधेरीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी 'सीप्झ' हे क्षेत्र उभे राहिले, ते या नव्या तंत्राच्या जोरावर. गिटारवादकांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. त्यामागे केवळ भावनिक कारण आहे असे म्हणता येणार नाही.

व्हॉल्व्हवर त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक ताण दिला की ध्वनितरंगाचे माथे एकदम न तुटता क्रमाक्रमाने दबतात. त्यातून मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर निर्माण होतात. शेवटी एकच शक्ती-व्हॉल्व्ह असलेल्या सर्किटमध्ये दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या षड्जाचा, उपस्वर ठळक असतो. त्यामुळे नाद भरीव वाटतो. हलक्या हाताने छेडले तर तोच अॅम्प्लिफायर स्वच्छ बोलतो आणि जोराने छेडले तर घोगरा होतो. बोटांचा जोर नादात उतरतो, आणि रियाझाच्या दृष्टीने हाच त्याचा खरा गुण आहे.

हा गुण १०० वॅटच्या यंत्रात प्रकटायचा तर आवाज असह्य पातळीवर न्यावा लागतो. ५ वॅटच्या यंत्रात तो बराच आधी प्रकटतो. ध्वनिमुद्रणातील जाणकारांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. एरिक क्लॅप्टन यांच्या 'लैला' (१९७०) या ध्वनिमुद्रिकेसाठी वापरलेले अॅम्प्लिफायर हे छोटे 'चॅम्प' होते. मायक्रोफोन अगदी जवळ ठेवला की खोलीतील लहान आवाज ध्वनिफितीवर मोठा होतो.

२००० नंतरच्या दशकात उत्पादकांनी या तत्त्वाचा व्यापारी उपयोग केला. एपिफोनचा ५ वॅटचा 'व्हॉल्व्ह ज्युनिअर' आला. व्हॉक्सने ४, १ आणि पाव वॅट अशा तीन पातळ्यांचा अॅम्प्लिफायर काढला. मार्शलने आपल्या पन्नाशीनिमित्त २०१२ मध्ये प्रत्येक दशकाचे एक याप्रमाणे १ वॅटची पाच प्रतिरूपे काढली आणि त्यांत शक्ती एकदशांश वॅटवर आणण्याची सोयही ठेवली. १०० वॅटने कीर्ती मिळवलेल्या कंपनीने आपला सुवर्णमहोत्सव १ वॅटने साजरा करावा, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

४. वॅट, डेसिबल आणि साडेचार इंची भिंत

वॅट कमी म्हणजे आवाज त्याच प्रमाणात कमी, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. शक्ती दहापट वाढली की ध्वनीची पातळी १० डेसिबलने वाढते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॅटच्या तुलनेत ५ वॅटचा आवाज एकदशांश नव्हे, तर सुमारे निम्मा असतो. गिटारचा चांगला स्पीकर १ वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर सुमारे ९५ डेसिबल पातळी देतो. नेहमीचे संभाषण साधारण ६० डेसिबलचे असते. याचा अर्थ १ वॅटचा अॅम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने वाजला तर तो घरात कर्कशच ठरतो.

आता कायद्याकडे वळू. मुंबईत ध्वनिप्रदूषणाविरुद्ध डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकात न्यायालयीन लढा दिला, तर पुढे सुमैरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने तो चालवला. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. त्यानुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात शांततेचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. २०१० च्या दुरुस्तीने रात्रीच्या निर्बंधात वाद्यांचाही उल्लेख आला.

हे आकडे उपनगरी घराला लावून पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटेची भिंत ढोबळमानाने ४० ते ४५ डेसिबल ध्वनी अडवते. ९५ मधून ते वजा केले तर शेजारच्या खोलीत ५० ते ५५ डेसिबल उरतात. रात्रीच्या मर्यादेत हे बसत नाही. एकदशांश वॅटवर पातळी ८५ होते आणि शेजारी ४० ते ४५ पोहोचतात. हे कसेबसे बसते. परंतु हा हिशेब बंद खिडकीचा आहे. अर्धवट उघडी खिडकी जेमतेम १० ते १५ डेसिबल अडवते. मे महिन्यात खिडकी बंद ठेवणे आणि त्याच खोलीत तापलेला व्हॉल्व्ह ठेवणे म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगावयास नको. शिवाय खर्जाचे स्वर भिंतीपेक्षा स्लॅबमधून अधिक सहज उतरतात. अॅम्प्लिफायर जमिनीवर ठेवला तर खालच्या मजल्यावरच्या घराला तो वरच्यापेक्षाही अधिक जाणवू शकतो. तो जाड रबरावर वा उंच खुर्चीवर ठेवण्याचा साधा उपाय येथे उपयोगी पडतो.

घराचा आकारही विसरता येत नाही. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर देऊ केले होते. ही मर्यादा पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांवर गेली. अशा घरात अभ्यास, स्वयंपाक, आजारपण आणि संगीत यांना एकच खोली वाटून घ्यावी लागते. तेथे शेजारी भिंतीपलीकडे असतो, तसाच तो भिंतीच्या अलीकडेही असतो.

तंबोऱ्यावर पहाटेचा रियाझ करणाऱ्या गायकाला शेजाराने बहुधा सामावून घेतले. बंगळूरच्या राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ मध्ये आला आणि घरच्या आवाजाच्या मापात बसल्याने घरोघर रुळला. विद्युत गिटारला असा सामाजिक स्वीकार लाभला नाही. तिचा सराव हा रियाझ न मानता गोंगाट मानला गेला. यात शेजाऱ्याची तक्रार खोटी नाही आणि वादकाची गरजही खोटी नाही. तासावर भाड्याने मिळणाऱ्या सरावखोल्या अंधेरीसारख्या उपनगरांत निघाल्या, तरी रोजचा दोन तासांचा सराव भाड्याच्या खोलीत करणे सामान्य विद्यार्थ्याला परवडणारे नाही.

५. घरगुती ध्वनिमुद्रण

१९७९ मध्ये टास्कमचा चार मार्गी कॅसेट रेकॉर्डर आला आणि ध्वनिमुद्रण घरात होऊ शकते हे सिद्ध झाले. संगणकाने ती वाट रुंद केली. ए. आर. रहमान यांनी चेन्नईत आपल्या घराच्या आवारात स्टुडिओ उभारला, तेव्हा भारतीय चित्रपटसंगीतातही घर हे निर्मितीचे केंद्र होऊ शकते हे दिसले. १९९० च्या दशकात एकेक वादकाचे स्वतंत्र मुद्रण करण्याची पद्धत रूढ झाली आणि मोठ्या वाद्यवृंदाची एकत्रित बैठक विरळ झाली.

या बदलात गिटारवादकाचा लाभ झाला. त्याला आता व्हायोलिनवादकांच्या सोबतीने एका दालनात बसावयाचे नव्हते. घरी एक लहान व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर, १९६५ पासून बाजारात असलेला शुअर एसएम५७ सारखा मायक्रोफोन आणि संगणक एवढ्यावर त्याचे काम भागू लागले. स्पीकरच्या मध्यभागी मायक्रोफोन धरला तर नाद तीक्ष्ण येतो आणि कडेला सरकवला तर मऊ येतो. अॅम्प्लिफायर कपाटात, गाद्या व गोधड्यांच्या मध्ये ठेवून मुद्रण केले की बाहेरचा आवाजही घटतो. मात्र व्हॉल्व्हला हवा लागते. कोंडलेल्या जागी तो फार वेळ तापू देणे इष्ट नव्हे.

स्पीकरऐवजी कृत्रिम भार जोडणे आणि हेडफोनवर ऐकणे हा दुसरा मार्ग. भार न जोडता व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीचा 'पॉड' आला आणि अॅम्प्लिफायरच्या नादाची संगणकीय नक्कल स्वस्त झाली. रात्री अकरा वाजता मुलुंडच्या घरात सराव करणाऱ्यासाठी ती वरदानच ठरली. तरीही हाताच्या जोराला नाद कसा उत्तर देतो, हे शिकण्यासाठी व्हॉल्व्हचे महत्त्व अनेक वादक मानतात.

या पुनरागमनात एक विसंगती आहे. जे ईएल८४ व ईसीसी८३ एकेकाळी बंगळूरला बनत, ते आता प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियातील निर्यात काही काळ अडखळली, तेव्हा जगभर व्हॉल्व्हची टंचाई व भाववाढ झाली. अमेरिकेतील विजेसाठी बनलेले जुने यंत्र येथे २३० व्होल्टवर थेट चालत नाही, त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. यंत्र बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टची वीज साठलेली असू शकते. त्यामुळे त्याची दुरुस्ती जाणत्या माणसाकडूनच होणे आवश्यक असते. व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेल्या कारागिरांची पिढी विरळ होत गेली, ही या छोट्या यंत्राची सर्वांत मोठी अडचण म्हणावी लागेल.

निष्कर्ष

१. घरातील ५ वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर ही नवी वस्तू नाही. रचनेच्या दृष्टीने तो रेडिओचा सख्खा भाऊ आहे. घराने आपले जुने माप पुन्हा स्वीकारले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

२. मोठ्या आवाजाचा काळ हा सभागृह आणि मैदान यांचा काळ होता. ध्वनिमुद्रण घरात आल्यावर आणि ध्वनिविषयक कायदा कडक झाल्यावर नादाची प्रत व आवाजाची पातळी या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची गरज निर्माण झाली. अल्पशक्ती अॅम्प्लिफायरने ती काही अंशी भागवली.

३. हे उत्तर अपुरे आहे. १ वॅटही उपनगरी भिंतीला जड जातो. प्रश्न अखेर यंत्राचा नसून जागेचा आहे. इमारतीतील सभासदांनी सायंकाळची एखादी वेळ सरावासाठी मान्य करणे, गृहनिर्माण संस्थेच्या वा महाविद्यालयाच्या रिकाम्या खोलीत ध्वनिरोधक सरावखोली करणे, हे उपाय करून पाहण्याजोगे आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या वास्तूंत क्रीडांगणाची तरतूद असते, मग सरावखोलीची का असू नये? शेजाऱ्याची झोप आणि विद्यार्थ्याचा रियाझ या दोन्ही रास्त गोष्टी आहेत. त्यांना एकमेकांसमोर उभे करण्याचे काम आजवर साडेचार इंची भिंतीने केले आहे. त्या दोघांत समेट घडवण्याचे काम माणसांनाच करावे लागेल.